घाटातला पाऊस आदल्या रात्री सांगता येतो का : प्रकल्पाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. मी व्यवसायाने लेखापाल आहे. आकडे पडताळण्याची सवय आहे, पण हवामानशास्त्राचे शिक्षण नाही, आणि पायथन ही संगणकाची भाषा गेल्या वर्षभरात कामापुरती शिकले आहे. प्रकल्पामागचे कारण घरचेच आहे. माझ्या मामांचे घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आहे आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत त्या घरात पाणी शिरले. दोन्ही वेळी सामान माडीवर चढवताना सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, तो म्हणजे घाटाकडचा पाऊस उद्या ओसरणार की वाढणार. शहरात उघडीप असतानाही पंचगंगा चढत राहते, कारण तिचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या माथ्यावरून आणतात. राजारामपुरीतल्या माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावरून त्या पाण्याचा काहीच अंदाज येत नाही.

प्रश्न नेमक्या शब्दांत मांडण्यातच दोन दिवस गेले. ‘पाऊस येईल का’ या प्रश्नाचे उत्तर खरे ठरले की खोटे, हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रश्न असा ठरवला : उद्या सकाळी साडेआठपासून परवा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत गगनबावडा-राधानगरी पट्ट्यात सरासरी ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता किती टक्के आहे? ६४.५ हा आकडा भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीतला आहे. तेथून ११५.५ मिलिमीटरपर्यंत ‘जोरदार’, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस समजला जातो. ही वर्गवारी एकेका केंद्रावरील पावसासाठी आहे आणि मी ती एका पट्ट्याच्या सरासरीला लावते आहे, त्यामुळे माझी अट मूळ अटीपेक्षा कडक होते. एका ठिकाणी ६४.५ मिलिमीटर पडणे सोपे असते. शेकडो चौरस किलोमीटरवर सरासरीने तेवढा पडणे तेवढे सोपे नसते.

पुराचा अंदाज मी करणार नाही. तो धरणांतील साठा, सोडलेले पाणी आणि नदीचे पात्र यांवर अवलंबून असतो, आणि ते काम ज्यांचे आहे त्यांनीच ते करावे. मी फक्त पावसापुरते पाहणार आहे.

१५ फेब्रुवारी

हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेला दैनंदिन पावसाचा जाळीदार संच उतरवून घेतला. देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाची चौकटींची जाळी टाकलेली असून प्रत्येक चौकटीसाठी १९०१ पासूनचा रोजचा पाऊस त्यात आहे. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ असे एकूण १७,४१५ बिंदू आहेत. एका वर्षाची फाइल सुमारे २५ एमबीची होते, म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपलाही ती झेपते.

१८ फेब्रुवारी

पट्ट्याची सरासरी उणे आली. जिथे माहिती नाही, विशेषतः समुद्रावर, तिथे या संचात उणे ९९९ हा आकडा लिहिलेला असतो, आणि मी निवडलेल्या चौकोनाची पश्चिम कड अरबी समुद्रात गेली होती. ते बिंदू वगळले. चूक क्षुल्लक होती, पण उत्तर उणे आले म्हणूनच ती सापडली. माहिती नसलेल्या जागी शून्य लिहिलेले असते, तर सरासरी मुकाट्याने कमी झाली असती आणि माझ्या लक्षातही आले नसते.

२ मार्च

संपूर्ण आठवडा एकाच नकाशात गेला आणि तो वाया गेला असे वाटत नाही.

गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तेथे वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले पश्चिमी वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना हवा पुन्हा तापते आणि ढग विरतात. शाळेत शिकलेली ही गोष्ट जाळीदार संचातल्या आकड्यांत पाहताना मात्र एक अडचण उभी राहिली.

पाव अंश म्हणजे आपल्या अक्षांशावर दक्षिणोत्तर सुमारे २८ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ ते २७ किलोमीटर. गगनबावडा ज्या चौकटीत येतो तिचा मध्यबिंदू १६.५ अंश उत्तर, ७३.७५ अंश पूर्व असा आहे, आणि त्याच चौकटीत घाटाखालचे वैभववाडीही येते. म्हणजे कोकणातली पायथ्याची गावे, करूळचा घाट आणि माथा या तिन्हींचा पाऊस मिळून एकच आकडा होतो. घाटात दहा किलोमीटरवर पावसाचे मान बदलते, हे एस.टी.ने एकदा गगनबावड्याला गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. चौकटीला ते दिसत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही हवामान-अंदाजाची प्रणाली सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते, तिचे महत्त्व मला या नकाशामुळे कळले. आमच्या पट्ट्यापुरते बोलायचे तर सव्वीस किलोमीटर आणि सहा किलोमीटर यांत घाट न दिसणे आणि दिसणे एवढा फरक आहे.

तरीही ऐतिहासिक नोंदींसाठी मला पाव अंशाचाच आधार घ्यावा लागेल. म्हणून गगनबावड्याची चौकट आणि तिच्या लगतची, राधानगरी जिच्यात येते ती ७४ अंश पूर्वेची चौकट, अशा दोन्हींची सरासरी हेच ‘माझे घाटमाथा’ असे ठरवले. सोयीसाठी केलेली ही व्याख्या आहे आणि पुढचे प्रत्येक उत्तर या व्याख्येपुरतेच खरे असेल.

२२ मार्च

कोणताही अंदाज करण्यापूर्वी, काहीही न शिकता सांगता येईल असे उत्तर हाताशी हवे. अशी दोन उत्तरे असतात. एक, आज जसे आहे तसेच उद्या राहील असे म्हणणे. दुसरे, या दिवसांत आजवर जे वारंवार घडले तेच उद्याही घडेल असे म्हणणे. यांतले दुसरे तयार करताना दिवसांचे गट कसे पाडायचे, हा प्रश्न आला. एकेक तारीख घेतली तर १९७१ ते २०२० या काळात त्या तारखेचे पन्नासच दिवस मिळतात आणि आकडे उगाच वरखाली होतात. महिना घेतला तर जुलैची सुरुवात आणि अखेर एकाच मापाने मोजली जाते.

उत्तर मामांकडून आले, तेही त्यांना न विचारता. रविवारी जेवायला गेले असता ते म्हणाले, “एकवीसचा पूर म्हाताऱ्यात आला आणि एकोणीसचा आश्लेषात. तरण्या पावसात आमच्या दारात कधी पाणी आलं नाही बघ.” मी विचारले, “मामा, तुम्हाला तारखा आठवत नाहीत आणि नक्षत्रं कशी आठवतात?” ते म्हणाले, “तारखा तुमच्या वहीत. शेतातला पाऊस नक्षत्रावरच मोजायचा.”

घरी येऊन पडताळले. पावसाची नक्षत्रे सूर्यावरून ठरतात, चंद्रावरून नव्हे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि त्यामुळे दरवर्षी त्यांच्या तारखा जवळजवळ त्याच राहतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू म्हणजे तरणा ५-६ जुलैला, पुष्य म्हणजे म्हातारा १९-२० जुलैला आणि आश्लेषा २-३ ऑगस्टला लागते. मामांचे म्हणणे दोन्ही पुरांबाबत बरोबर आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ फिरण्यामुळे या तारखा सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, पण माझ्या पन्नास वर्षांच्या काळापुरता तो फरक एका दिवसाच्या आतच आहे. तेव्हा मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ नक्षत्रांचे नऊ गट केले. प्रत्येक गटात आता सुमारे सातशे दिवस आहेत, आणि त्या सातशेपैकी किती दिवशी ६४.५ची मर्यादा ओलांडली, हे प्रमाण म्हणजे माझा ‘काहीही न शिकता’ केलेला अंदाज. नक्षत्राच्या वाहनावरून पावसाचे भाकीत करतात, त्याला या आकड्यांत मला आधार शोधायचा नाही. हंगामाचे तुकडे पाडण्याची पद्धत म्हणून मात्र महिन्यापेक्षा नक्षत्र निश्चितच सरस आहे.

१२ एप्रिल

आता वारे आणि बाष्प यांची माहिती हवी होती. त्यासाठी युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ हा पुनर्विश्लेषण संच घेतला. जगभरची जुनी निरीक्षणे एका गणिती प्रारूपात बसवून १९४० पासूनची तासातासाची स्थिती त्यात मांडलेली आहे आणि जाळी येथेही पाव अंशाचीच आहे. कोकण किनाऱ्यालगत सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल पातळीवरचा पश्चिमी वारा, त्याच पातळीवरची आर्द्रता, आदल्या दिवशीचा पाऊस आणि नक्षत्राचे प्रमाण अशा चार गोष्टी निवडल्या. चारच घेतल्या, कारण प्रत्येक गोष्ट का घेतली याचे उत्तर मला स्वतःला देता आले पाहिजे.

वर्षांची विभागणीही आजच केली. १९८१ ते २०१० शिकण्यासाठी, २०११ ते २०१५ निवड करण्यासाठी आणि २०१६ पासून पुढची वर्षे अखेरच्या परीक्षेसाठी बंद ठेवली. सर्वत्र सुचवली जाते तशी दिवसांची सरमिसळ केली नाही. घाटात झड लागली की चार-पाच दिवस टिकते. त्यातला सोमवार शिकण्यात आणि मंगळवार परीक्षेत गेला, तर प्रारूपाला उत्तरपत्रिका आधीच दाखवल्यासारखे होते.

१९ एप्रिल

लॉजिस्टिक रिग्रेशनचे, म्हणजे निवडलेल्या गोष्टींवरून घटनेची शक्यता काढणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीचे, पहिले उत्तर आले. आजच्या वाऱ्यावरून उद्याच्या पावसाचा अंदाज इतका नेमका येत आहे की नक्षत्रांचे प्रमाण आणि ‘आज तेच उद्या’ हे दोन्ही फार मागे पडले. आनंद झाला, पण विश्वास बसत नाही. चार खुणांवर आणि माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासावर हे जमत असेल, तर मोठ्या संस्थांना एवढी धडपड का करावी लागते?

२६ एप्रिल

विश्वास बसत नव्हता ते योग्यच होते. पाच संध्याकाळी गेल्या आणि चूक सापडली. ती सविस्तर लिहून ठेवते, कारण नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाची इथे फसगत होण्याची शक्यता आहे.

संशय आला म्हणून एक सोपी चाचणी केली होती. वाऱ्याची मालिका पावसाच्या मालिकेपुढे एकेक दिवस पुढे-मागे सरकवली आणि दोन्हींचा संबंध कोणत्या स्थितीत सर्वांत घट्ट लागतो ते पाहिले. तो त्याच तारखेला सर्वांत घट्ट असायला हवा होता, कारण घाटावर आदळणारा वारा आदळतो तेव्हाच पाऊस पाडतो. प्रत्यक्षात तो आदल्या तारखेच्या वाऱ्याशी सर्वांत घट्ट निघाला. वारा आज आणि पाऊस उद्या, असे निसर्गात एवढ्या नियमाने घडण्याचे काही कारण नाही. याचा अर्थ तारखांत घोळ होता.

हवामान विभाग पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतो आणि त्या वेळेपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच दिवसाच्या तारखेवर लिहितो. म्हणजे संचातला ‘११ जुलैचा पाऊस’ हा १० जुलैच्या सकाळी साडेआठपासून ११ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंत पडलेला असतो. त्यातला मोठा भाग १० तारखेचा. ईआरए-५ची वेळ मात्र जागतिक समन्वित वेळ आहे, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिच्या हिशेबाने १० जुलैचा दिवस आपल्याकडे १० तारखेच्या पहाटे साडेपाचला सुरू होऊन ११ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपतो. हे दोन्ही चोवीस तास एकमेकांवर ठेवून पाहिले तर त्यांतले एकवीस तास सामाईक आहेत. मी ‘१० तारखेच्या वाऱ्यावरून ११ तारखेचा पाऊस’ सांगत होते आणि त्याला अंदाज म्हणत होते. वस्तुतः पडत असलेल्या पावसाचे वर्णन त्याच वेळच्या वाऱ्यावरून करीत होते.

हिशेबात हा प्रकार मला नवा नाही. व्यवहार एका दिवशी होतो, कीर्दीत तो दुसऱ्या तारखेला चढतो आणि वर्षअखेर कागदावरचा नफा खरा नसतो. तेथे मी व्हाउचरची तारीख पहिल्यांदा पाहते. येथे ती शेवटी पाहिली.

दुरुस्ती अशी केली : ईआरए-५मधले तासातासाचे आकडे घेऊन सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच दिवस बांधला. त्या संचात पावसाच्या प्रत्येक आकड्यावरची वेळ ही तो तास संपण्याची असते, म्हणून आदल्या दिवशीच्या समन्वित वेळेच्या चारपासून त्या दिवशीच्या तीनपर्यंतचे चोवीस आकडे मिळवावे लागतात, शिवाय ते मीटरमध्ये असल्याने हजाराने गुणावे लागतात. हे केल्यावर वाऱ्याचा आणि पावसाचा संबंध त्याच तारखेला सर्वांत घट्ट झाला. आणि खऱ्या अर्थाने उद्याचा अंदाज करायला लावल्यावर प्रारूपाची सारी चमक उतरली. नक्षत्रांच्या प्रमाणापेक्षा ते जेमतेम सरस आहे.

वाईट वाटले, हे खरे. पण मृगाआधी सापडले.

१० मे

संध्याकाळी वळीव झाला, गाराही पडल्या. वळवाच्या अंदाजाला मी हात लावणार नाही; एका पेठेत कोसळतो आणि दुसरी कोरडी राहते, असल्या पावसाला माझी चौकट उपयोगाची नाही.

या आठवड्यात अंदाजाला गुण कसे द्यायचे ते शिकले. सुरुवातीला ‘शंभरांत किती वेळा बरोबर’ एवढेच मोजत होते. ते का पुरत नाही, याचा नमुना १८८४ सालचा आहे. अमेरिकेत फिनले नावाच्या अधिकाऱ्याने चक्रीवादळी सोंडा, म्हणजे टोर्नेडो, येणार की नाही याचे २,८०३ अंदाज केले. त्यांतले २,७०८ बरोबर ठरले, म्हणजे ९६.६ टक्के. परंतु त्या काळात प्रत्यक्षात टोर्नेडो झाले ते फक्त ५१ वेळा; तेव्हा डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणाऱ्याचे ९८.२ टक्के बरोबर आले असते. ही उणीव लगेच दाखवून दिली गेली आणि त्याच वर्षी गिल्बर्ट यांनी वेगळे माप सुचवले : ‘नाही’ म्हटले आणि आले नाही, असे सोपे दिवस हिशेबातून काढून टाकायचे. फिनले यांनी १०० वेळा ‘येणार’ म्हटले, त्यांतले २८ खरे ठरले, ७२ फुकट गेले आणि २३ वेळा टोर्नेडो न सांगता आले. या १२३ पैकी २८, म्हणजे सुमारे २३ टक्के. दोन्ही आकडे एकाच माणसाच्या एकाच कामाचे आहेत.

घाटातल्या जोरदार पावसालाही हे लागू आहे. जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या अखेरीला ‘नाही’ म्हणत राहिले तरी माझे गुण उत्तम दिसतील, आणि त्या गुणांचा शुक्रवार पेठेला काही उपयोग नाही.

माझे उत्तर टक्क्यांत असल्यामुळे मी ब्रायर यांचे १९५० सालचे माप घेतले. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घटना (घडली तर एक, नाही तर शून्य) यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सर्व दिवसांची सरासरी काढायची. ती जितकी लहान तितके चांगले. ७० टक्के म्हटले आणि पाऊस आला तर दंड ०.०९, नाही आला तर ०.४९. सरळ शंभर टक्के म्हणून तोंडघशी पडले तर पूर्ण १. अधिक खात्री दाखवणाऱ्याला अधिक दंड बसतो, हे मला फार न्याय्य वाटते.

२४ मे

गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. प्रमाणित पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते आणि बाजारात मिळालेल्या १६ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे २०१ येते, म्हणजे बाटलीत जमलेले प्रत्येक २० मिलिलिटर पाणी हा एक मिलिमीटर पाऊस. गच्चीवरच्या वाऱ्याने काही थेंब निसटणारच. नियमाप्रमाणे मापक मोकळ्या जमिनीवर, आसपासच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, आणि तशी जागा माझ्याकडे नाही. हा आकडा प्रारूपात जाणार नाही. रोज साडेआठला बाटली रिकामी करताना तारखेचा नियम हाताला लागावा, एवढ्यासाठीच तो आहे.

९ जून

मृग लागला, पण घाटात अजून जोर नाही. आजपासून खरे अंदाज.

ईआरए-५चा ताजा भागही सुमारे पाच दिवस उशिरा येतो, त्यामुळे त्यावर उद्याचा अंदाज करता येत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या जीएफएस या प्रारूपाचे मोफत मिळणारे अंदाज घेते. ते दिवसातून चार वेळा चालते. आपल्या घड्याळाने सकाळी साडेअकराची फेरी संध्याकाळपर्यंत हाती येते, आणि तिच्यातला २१व्या तासापासून ४५व्या तासापर्यंतचा भाग म्हणजे नेमका माझा उद्या साडेआठ ते परवा साडेआठचा काळ. आज रात्री लिहिलेला अंदाज हवामान विभागाच्या नोंदीत परवाच्या, म्हणजे ११ तारखेवर पडताळायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

नियम एकच ठेवला आहे. अंदाज रात्री साडेनऊच्या आत कागदी वहीत शाईने लिहायचा आणि मागाहून खाडाखोड करायची नाही. संगणकावरचा आकडा नकळत सुधारला जातो.

१३ जुलै

तरण्याचा जोर आहे. कोल्हापूर पद्धतीचे बरेच बंधारे पाण्याखाली गेले आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी आम्ही सगळेच रोज पाहतो; तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे.

मामांचा रोज रात्री फोन येतो. परवा त्यांनी विचारले, “तुझं शंभर मिलिमीटर म्हणजे नदीत किती गं?” उत्तर देण्यासाठी हिशेब मांडला. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणून २८३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळाच्या सगळा वाहून आला, तर एक टीएमसी पाणी होते. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एकातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटते; सातही उघडे राहिले तर दिवसाला सुमारे ०.८६ टीएमसी. सगळा पाऊस वाहून येत नाही, काही जमिनीत मुरतो, काही धरणांत अडतो. पण जुलैच्या मध्यावर जमीन भिजून तुडुंब झालेली असते, तेव्हा मुरण्याचा वाटा कमी होतो. मामा म्हणाले, “म्हणजे एका दिवसाचा पाऊस एका दिवसात उतरत नाही.” मी दोन पानांत मांडलेले त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांना उद्याच्या पावसाचा आकडा नको असतो. सलग दोन दिवस मोठा पाऊस पडण्याची शक्यता हवी असते. पुढच्या टप्प्यात प्रश्न तोच ठेवायचा, असे ठरवते आहे.

२७ जुलै

पहिल्या सात आठवड्यांची पडताळणी केली. वहीत ज्या ११ रात्री मी ७० टक्के किंवा अधिक शक्यता लिहिली होती, त्यांपैकी ६ वेळाच मर्यादा ओलांडली गेली. म्हणजे माझे सत्तर हे खरे तर पंचावन्नच्या आसपासचे आहेत. अकरा रात्री फार थोड्या आहेत, हे मान्य. पण ५० ते ७०च्या गटातही कल तोच आहे. वर्तवलेल्या शक्यतेत खात्री जास्त आहे.

कारण लक्षात आले आहे. प्रारूप मी ईआरए-५च्या वाऱ्यावर शिकवले, आणि ते वारे निरीक्षणांशी जुळवून घेतलेले असतात. रोज रात्री मात्र त्याला जीएफएसने वर्तवलेला उद्याचा वारा देते, ज्यात चूक असते. खऱ्या वाऱ्यावर शिकलेले प्रारूप वर्तवलेल्या वाऱ्यावरही तितकाच विश्वास ठेवते. ग्लान आणि लोरी यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत याच दुखण्यावरची आहे : नाते जोडायचे ते खऱ्या वाऱ्याचे पावसाशी नव्हे, तर प्रारूपाने वर्तवलेल्या वाऱ्याचे प्रत्यक्ष पावसाशी, म्हणजे प्रारूपाच्या नेहमीच्या चुकाही त्या नात्यात सामावतात. त्यासाठी जीएफएसचे मागच्या काही पावसाळ्यांचे अंदाज हवेत. उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. फाइली मोठ्या आहेत आणि आज दिवसभरात दोनदा वीज गेली.

३ ऑगस्ट

आश्लेषा लागली. जुन्या अंदाजांवर नव्याने शिकवलेले प्रारूप आजपासून वापरते आहे. वहीत यापुढे दोन रकाने राहतील, जुन्याचा आणि नव्याचा, म्हणजे सुधारणा खरी की वाटण्यापुरती ते हस्तापर्यंत कळेल. नव्याचे आकडे जुन्यापेक्षा मवाळ आहेत, ते पाहून मामा म्हणाले, “आता ठाम काही सांगेनास.” त्यांना जुलैची वही दाखवली आणि अकरातल्या त्या पाच रात्रींवर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली.

दोन दिवसांच्या सलग पावसाचा प्रश्नही आज पहिल्यांदा वहीत आला. त्याची शक्यता काढताना दोन दिवसांच्या शक्यता एकमेकींनी गुणणे चुकीचे ठरेल, कारण एका दिवशी झड लागली असता दुसऱ्या दिवशीही ती टिकण्याचा संभव मुळातच वाढलेला असतो. सध्या १९७१ ते २०२०च्या नोंदींतून, पहिल्या दिवशी मर्यादा ओलांडली गेल्यावर दुसऱ्या दिवशीही ती किती वेळा ओलांडली, हे प्रमाण नक्षत्रवार मोजून वापरते आहे.

रात्री ९.१०. पडताळणीची तारीख ५ ऑगस्ट. जुन्या प्रारूपाने ७५ टक्के, नव्याने ६० टक्के. ५ आणि ६ दोन्ही तारखांना, ३५ टक्के. मामांना कळवले.